मी कोणाच्याच बाजूचा नाही

नानांना एकट्याने आठवडे बाजारात पाठवायचं नाही, असा काकूंचा नियम आहे. सोबत न्यावंच लागलं तर त्या नानांना भाजीच्या ओळीपासून लांब, चपलांच्या दुकानाशी उभं करतात. एकदा काकू मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होत्या. भाजीवाली पंधरा म्हणत होती, काकू दहा. अशी घासाघीस दर आठवड्याला होते आणि शेवटी दहालाच सुटते, हे दोघींनाही ठाऊक होतं. एवढ्यात नाना मागून पुढे आले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "हे बघा, तुमचं चूक नाही आणि हिचंही चूक नाही. साडेबारा."

भाजीवाली म्हणाली, "आठ आणे कुठून आणू बाबा?"

"मग दोन जुड्या पंचवीसला."

काकूंना एकच जुडी हवी होती. भाजीवालीला पाच रुपये सोडायचे नव्हते. घरी येईपर्यंत नाना सांगत होते, "बघ, दोघींचंही समाधान झालं." त्या आठवड्यात त्यांच्याकडे मेथीची भाजी, मेथीचे पराठे आणि मेथी घातलेली आमटी झाली, आणि काकू कोणाशीच बोलत नव्हत्या.

नामपूरला ते नाना आहेत. जायखेड्याला आबा असतील, ताहाराबादला बापू, मोसमच्या काठाने खाली मालेगावकडे गेलात तर आणखी कोणी भाऊसाहेब. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं (त्यातलं एक बंद), डोक्यावर टोपी, खांद्यावर रुमाल, आणि चेहऱ्यावर कायमचा भाव की, मला यातलं काही पडलेलं नाही, पण आलोच आहे तर बसतो. भांडण कुठे चाललंय ते त्यांना सांगावं लागत नाही. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "मी कोणाच्याच बाजूचा नाही." दुसरं वाक्य दोघांपैकी जो जास्त तापलेला असेल त्याला: "बठ. पहिले चहा ले."

मी सटाण्याच्या कोर्टात वकिली करतो. म्हणजे नानांचं आणि माझं गिऱ्हाईक एकच. बांध कोरला, पाण्याची पाळी चुकली, चेक वटला नाही, वाटणीत विहीर कुणाकडे गेली यावरून भाऊबंद तंडले, की माणूस सकाळच्या एसटीने माझ्याकडे निघतो. स्टँडवर जायचा रस्ता नानांच्या ओट्यावरून जातो. "कोर्टमा जाईसन काय भेटस?" नाना विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात, "तारीख!" माझ्या देखत हे वाक्य म्हणायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. उलट माझ्याकडे वळून विचारतात, "काय वकीलसाहेब, खोटं बोलतो का मी?" खोटं बोलत नाहीत हीच अडचण आहे.

नानांचा अधिकार कुठून आला, हे विचारू नये. शासनाने १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावोगाव समित्या झाल्या, अध्यक्ष झाले, मिटवलेल्या तंट्यांना गुण आणि गावाला लाखांत बक्षीस. नानाही तेव्हा समितीवर होते. त्यांची तक्रार एकच होती, की तंट्याची नोंदवहीत आधी नोंद करावी लागते. "नोंद झाली की तो तंटा झाला," ते म्हणायचे, "तोवर नुसती बोलाचाली असते." त्यामुळे त्यांनी सर्वांत जास्त तंटे मिटवले आणि वहीत सर्वांत कमी दाखवले. बाकीचे सभासद त्यांच्यावर चिडले. तो तंटाही त्यांनीच मिटवला.

त्यांची खरी शाळा म्हणजे कांदा मार्केट. नामपूरची बाजार समिती आणि तिचा करंजाडचा उपबाजार हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. लिलावात ट्रॉलीचा वरचा कांदा बघून भाव लागतो. मग ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते आणि आतून जोड, गोल्टी, काजळी धरलेला असा माल निघतो, किंवा निघाला असं व्यापारी म्हणतो. भाव पाडा, नाहीतर माल भरून परत न्या. याला वांधा म्हणतात. बाजार समितीच्या १९६३ च्या कायद्यात मालाची प्रत, वजन आणि पैसे यांवरून शेतकरी-व्यापाऱ्यात जुंपली तर समितीनेच तोड काढायची सोय आहे. पण समितीचा माणूस येईपर्यंत नाना आलेले असतात. ढिगातला एक मधला कांदा उचलतात, शेतकऱ्याच्या हातावर ठेवतात. "हा तू घरी खाशील का?" शेतकरी गप्प. तोच कांदा उचलून व्यापाऱ्याच्या हातावर. "आणि तू हा फेकून देणार आहेस का?" व्यापारीही गप्प. मग खांद्यावरचा रुमाल खाली येतो. बैलबाजारात दलाल जसे रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, तसं नाना आधी एकाची बोटं धरतात, मग दुसऱ्याची. बाहेर उभ्या असलेल्यांना फक्त दोन चेहरे दिसतात. आकडा त्या तिघांतच राहतो, म्हणून तो मान्य करायला लाज वाटत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली कोर्टं जी मध्यस्थी करायला पाठवतात, तिच्यासाठी मध्यस्थांना ४० तासांचं प्रशिक्षण असतं. मी ते घेतलेलं आहे. त्यात शिकवतात की, दोन्ही पक्षांशी एकदा वेगवेगळं, खाजगीत बोलावं. नाना हे गोठ्यात करतात. एकाला म्हैस दाखवायला नेतात, परत येऊन दुसऱ्याला तीच म्हैस दाखवायला नेतात. गोठ्यात काय बोलले ते मला आजवर कळलेलं नाही. एवढंच पाहिलंय की, माणूस जाताना "एक रुपया सोडणार नाही" म्हणत जातो आणि येताना म्हशीच्या दुधाबद्दल बोलत येतो.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि नानांचं सगळं दुकानच बसलं. ओट्यावर बसायचं नाही, चहा एका किटलीतून द्यायचा नाही, हातात हात घ्यायचा नाही. मालेगावात एप्रिलमध्ये रुग्ण सापडायला लागले तसे इकडच्या गावांनी रस्त्यांवर बाभळीची झुडपं आणि बैलगाड्या आडव्या टाकल्या. रुमाल खांद्यावरून तोंडावर गेला. रुमालाखालची बोटं तर सोडाच. पुढे सवलत मिळाल्यावर नाना आधी बोटांना सॅनिटायझर लावून घ्यायला लागले, पण ते म्हणायचे, ओल्या बोटाने आकडा कळत नाही. एकदा पाच हजाराचे सात हजार झाले होते.

माझंही दुकान बसलं होतं. कोर्टात फक्त तातडीची कामं. दावा लावायची मुदत टळेल ही भीती दाखवून आम्ही वकील पक्षकाराला हलवतो, तीही गेली. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चला आदेश काढला आणि १५ मार्चपासूनची मुदत थांबवली. पुढे लांबत लांबत २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळच मुदतीतून वगळला गेला. घाई कोणालाच नाही. पण पैसे सगळ्यांनाच लागत होते, आणि भांडणांना तर ऊत आला होता. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली, पुण्यातली, मुंबईतली पोरं घरी आली. वर्षातून दोनदा येणारा भाऊ महिनाभर राहिला, की त्याला बांध दिसायला लागतो. मंगल कार्यालयाचा बयाणा, बँडवाल्याचा बयाणा, दुकानाचं भाडं, द्राक्षाचा ठरलेला सौदा सोडून गायब झालेला व्यापारी, मजुरांना दिलेली उचल. करार पाळायची कोणाची इच्छा नव्हती असं नाही. करार पाळायला बाहेरच पडता येत नव्हतं.

तेव्हा नानांनी फोन हाती घेतला. फोन लावला की आधी ती खोकल्याची धून लागायची आणि मग सूचना. नाना तिला उत्तर द्यायचे. "हो हो, धुतले." नातवाने कॉन्फरन्स कॉल शिकवला, पण तो त्यांना पसंत पडला नाही. दोघं एकदम बोलतात आणि मधल्या माणसाला काही करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी स्वतःची रीत काढली. एका खाटेवर दोन मोबाइल समोरासमोर ठेवायचे, एक त्यांचा, एक काकूंचा. दोन्हींचा स्पीकर चालू. एकात एक पक्षकार, दुसऱ्यात दुसरा. मध्ये नाना मांडी घालून. एखादा फारच तापला, की ते डोक्यावरची टोपी काढून त्याच्या फोनवर ठेवायचे. टोपीखालून गुरगुर ऐकू यायची. खाजगी बोलायचं असलं, की एक फोन उचलून गोठ्यात न्यायचे, सवयीने.

पेठेतल्या कापड दुकानाच्या भाड्याचा वाद मी या खाटेजवळच बसून ऐकला. मालक निवृत्त मास्तर. दुकानदार म्हणत होता, लग्नसराई बुडाली, दुकानाचं शटर सरकारने पाडलं, भाडं कसलं? मास्तर म्हणत होते, दुकान मी दिलंय, सरकारने नाही. दोघांचाही मला फोन करून झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२० ला खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात सांगितलं होतं, की टाळेबंदी झाली म्हणून भाडं आपोआप माफ होत नाही. मी तो निकाल दोन्ही फोनना मोठ्या आवाजात समजावून सांगितला. मास्तरांच्या फोनमधून "ऐका!" असं आलं. दुकानदाराच्या फोनमधून काहीच आलं नाही, कारण नानांनी त्याच्यावर टोपी ठेवली होती. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की, दुसरी टोपी असती तर ती कुठे ठेवली असती हे मला कळलं.

"मास्तर," नाना म्हणाले, "भाडं आहेच. कोण नाही म्हणतंय? तुम्ही एक रुपया माफ करू नका. माफ केलंत तर उद्या सगळी पेठ माफी मागेल." टोपी उचलली. "शेठ, तुम्ही कमी देऊ नका. कमी दिलंत तर बाजारात नाव जाईल, शेठला भाडं झेपेना म्हणतील. फक्त उशिरा द्या. दिवाळीनंतर." दोन्ही फोन गप्प झाले. मग नाना हळूच म्हणाले, "काळच असा आलाय. यात तुमचा दोष नाही, त्यांचाही नाही." थोड्या वेळाने मास्तरांचाच आवाज आला: "एप्रिलचं राहू द्या. एप्रिलमध्ये कोणीच कमावलं नाही. करोनाचं म्हणून सोडलं समजा."

त्या दिवशी मला नानांची किल्ली सापडली असं वाटतं. आमच्याकडे माणूस पैशाला तेवढा चिकटत नाही, जेवढा मागे हटताना कोण बघतंय याला चिकटतो. भावापुढे हटलो तर भावकी हसेल, व्यापाऱ्यापुढे हटलो तर मार्केट हसेल. एरवी नाना कधी म्हाताऱ्या आईचं नाव घेऊन, कधी सटाण्याच्या देवमामलेदारांची शपथ घालून माणसाला हटायला निमित्त पुरवायचे. महामारीने त्यांना असं निमित्त दिलं, की ज्याच्यापुढे हरण्यात कोणाला कमीपणा नव्हता. करोनापुढे जग हरलं होतं. पेठेतले मास्तर एक महिना हरले तर काय बिघडलं? त्या दोन वर्षांत "काळच असा आलाय" हे वाक्य नानांनी इतकं वापरलं, की शेवटी शेवटी त्यांनी ते पाण्याच्या मोटारीच्या भांडणालाही लावलं, जिचा करोनाशी काही संबंध नव्हता. मोटार जळाली होती.

अर्थात नानांच्या सगळ्याच तोडी टिकतात असं नाही. मंगल कार्यालयाचं प्रकरण घ्या. मे महिन्यातलं लग्न, चाळीस हजार बयाणा दिलेला. लग्न मळ्यातच मोजक्या माणसांत उरकलं. मुलीचा बाप बयाणा परत मागू लागला. कार्यालयवाला म्हणाला, मी रंगकाम केलं, पैसे त्यात गेले. नानांनी सुचवलं, बयाणा धाकट्या मुलीच्या लग्नाला वळवा. बाप म्हणाला, ती नववीत आहे. नाना म्हणाले, तोवर करोना जाईल. हे कोणालाच पटलं नाही, आणि ते पटलं नाही याचं श्रेय मला धाकटीच्या आईला द्यायचंय. तिने फोन हिसकावून नानांना जे सुनावलं, त्यावर ठेवायला तेवढी मोठी टोपी नव्हती.

दोनेक दिवसांनी नानांचा मला फोन. "वकीलसाहेब, कार्यालय रिकामं आहे ना?" आहे. "आणि मुलीच्या बापाच्या कांदाचाळीत निम्मा कांदा मावत नाही ना?" मावत नव्हता. भाव क्विंटलला हजाराच्या आत आला होता, विकायची सोय नव्हती, उन्हाळ कांदा वावरात ताडपत्रीखाली पडून होता. नानांनी तोड काढली, की बयाण्याच्या बदल्यात कांदा कार्यालयात ठेवायचा. खिडक्या सगळ्या उघड्या, पंखे चालू, विजेचं बिल अर्धं अर्धं. जेवणाच्या हॉलमध्ये गोल्टी पसरली, आणि निवडक मोठा माल स्टेजवर, जिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथे. सगळेच खूश.

पावसाळ्यात चाळींतला कांदा सडला. स्लॅबखालचा टिकला. ऑक्टोबरात भाव सहा-सात हजारांच्या घरात गेला. बापाने स्टेज रिकामं केलं आणि ट्रॅक्टरचा हप्ता एकरकमी भरला. कार्यालयवाल्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने पाच महिन्यांच्या भाड्याचा हिशेब पाठवला. बाप म्हणे, बयाणा फिटला. हा म्हणे, बयाणा एका दिवसाचा होता, पाच महिन्यांचा नव्हता. मी नानांना विचारलं, किती दिवसांसाठी ठरलं होतं? नाना म्हणाले, "कांदा विकेपर्यंत." कुठे लिहिलंय? नानांनी कपाळाला बोट लावून दाखवलं.

इथे मी चिडलो होतो. नाना, एक कागद, दोन सह्या, इतकंच मागतो मी. त्यांचं म्हणणं, कागद पुढे केला की माणूस वाचायला लागतो, आणि वाचायला लागला की त्याला वकील आठवतो. शेवटी हे दुसरं भांडणही त्यांनीच मिटवलं. डिसेंबरात कार्यालयवाल्याच्या मुलाचं लग्न होतं आणि आचाऱ्याला कांदा परवडत नव्हता. बापाने स्वयंपाकाचा सगळा कांदा पुरवला. वऱ्हाडी मात्र हॉलमध्ये शिरल्या शिरल्या विचारत होते, की अक्षता पडायच्या आधीच भजी तळायला घेतली काय?

त्याच सुमारास नानांना प्रतिस्पर्धी मिळाला. सप्टेंबर २०२० मध्ये प्रताप दिघावकर नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक होऊन आले. माणूस आमच्याच बागलाणचा. त्यांनी फसवल्या गेलेल्या शेतकऱ्यांना तक्रारी द्यायला सांगितलं, आणि द्राक्ष-डाळिंब-कांद्याचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांना बोलावणी जाऊ लागली. कित्येक वर्षं 'उद्या देतो' म्हणणारे व्यापारी तडजोड करून पैसे आणून देऊ लागले. शेतकऱ्यांना आनंद झाला, आणि तो रास्तच होता. वकील म्हणून माझ्या मनात किंतू होता, की नुसत्या देण्याघेण्याचा वाद कुठे संपतो आणि फसवणुकीचा गुन्हा कुठे सुरू होतो, ही रेघ वर्दीसमोर पुसट होते. नानांचं दुःख निराळं होतं. "त्यांनी नुसता निरोप धाडला तर माणूस पैसे देतो. माझ्याकडे आठवडाभर चहा पितो." थोडं थांबून म्हणाले, "त्यांना साखरेचा खर्च नाही."

नानांचं मन रमावं म्हणून मी त्यांना जगातल्या बातम्या सांगायचो. सिंगापूर करार त्यांना फार आवडला. मध्यस्थीने झालेली व्यापारी तडजोड देशोदेशीची न्यायालयं मानतील, असा संयुक्त राष्ट्रांचा करार. ७ ऑगस्ट २०१९ ला ४६ देशांनी सह्या केल्या, त्यात भारतही होता, आणि तो लागू झाला १२ सप्टेंबर २०२० ला, ऐन महामारीत. (सही केली असली तरी आपण त्याला अजून पक्की मान्यता दिलेली नाही, हे मी सांगितलं नाही. नानांना वाईट वाटलं असतं.) पण त्यांनी तारीख मोजली. "बाराला ना? आणि चौदाला आपली कांद्याची निर्यात बंद केली. दोन दिवस तरी धीर धरायचा." मग बराच वेळ ते कांद्यावरच बोलत राहिले.

दुसरी बातमी त्यांनी स्वतःहून शोधून काढली, आणि मला ती पेठेतल्या न्हाव्याकडून कळली. १७ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की दावा चालू असताना पक्षकारांनी कोर्टाबाहेर आपापसांत मिटवलं तरीही कोर्ट फी परत मिळाली पाहिजे. मी समजावून सांगायला गेलो, की तो निकाल तमिळनाडूच्या फीच्या कायद्यावरचा आहे, आपल्याकडे तो कसा लागू होतो ते बघावं लागेल. नानांनी हात वर केला. "वकीलसाहेब, आपल्या ओट्याची दिल्लीने दखल घेतली. तुम्ही त्यात तमिळनाडू आणू नका."

मग एप्रिल-मे २०२१. लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढीच मुभा. ऑक्सिजनसाठी लोक मालेगाव-नाशिकच्या चकरा मारत होते. त्या दिवसांत नाना ओट्यावर दिसायचे नाहीत. एक माणूस गेला. त्याने शेजाऱ्याकडून बी-भरणाला घेतलेले पैसे नानांच्या तोडीप्रमाणे तीन हंगामांत फेडायचे ठरले होते. फक्त तोंडी. त्याची बायको म्हणाली, मला माहीत नाही किती ते. शेजारी भला माणूस, पण तोही म्हणाला, मला जसं आठवतं तसं नानांना आठवत असलं तर बरं. दाराबाहेर अंगणात, लांब लांब खुर्च्या टाकून ते बसले आणि नानांनी आकडा सांगितला. शेजाऱ्याच्या आकड्यापेक्षा तो कमी होता. शेजारी नुसतं "बरं" म्हणाला. नानांना खरंच कमी आठवत होतं, की त्यांनी आठवणीचीही तोड केली, हे मी विचारलं नाही.

पण त्यानंतर ते लिहायला लागले. वहीत नाही, वहीचा त्यांना तंटामुक्तीपासून राग आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये. त्या त्या तारखेच्या चौकोनात, एकादशीच्या बाजूला, दूधवाल्याच्या खाड्यांच्या खाली: 'बांध मिटला, दोन फूट, बाभूळ कोणाचीच नाही.' 'मोटार अर्धी अर्धी.' 'सुनेला माहेरी पाठवणे, बापू स्वतः सोडतील.' वर्ष संपलं की काकू जुनी कॅलेंडरं पुस्तकांना कव्हर घालायला द्यायच्या. आता नाना ती गुंडाळून माळ्यावर ठेवतात. एका दाव्यात समोरच्या वकिलाने तडजोडीचा पुरावा मागितला, तेव्हा माझ्या पक्षकाराने पिशवीतून ऑगस्ट महिना काढला. न्यायाधीशांनी तो पाहिला, पाठीमागची पाककृतीही वाचली, आणि दोन्ही बाजूंना विचारलं, हे खरं आहे का? दोघंही हो म्हणाले. मी तिथल्या तिथे तडजोडीची पुरसीस लिहून दिली. निशाणी म्हणून ऑगस्ट महिना लागायचा थोडक्यात राहिला.

२०२३ मध्ये संसदेने मध्यस्थीचा कायदाच केला. त्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण आहे: गावातल्या, मोहल्ल्यातल्या शांततेला धक्का लावणारा वाद असेल, तर दोन्ही बाजूंच्या संमतीने तिघा मध्यस्थांचं मंडळ नेमायचं. समाजात मान असलेली, सचोटीची माणसं त्यावर घेता येतात. झालेली तोड कागदावर येते, पण ती कोर्टाचा हुकूमनामा होत नाही. पाळायची ती शब्दाखातर. हे मी नानांना वाचून दाखवलं. शेवटचा भाग त्यांना नवीन वाटला नाही. तिघांचं मंडळ मात्र खटकलं.

"तिघं कशाला? त्या तिघांत जुंपली तर कोण बघणार?"

मी म्हटलं, नाना, तुम्ही एक, आणखी दोन नावं सुचवा. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सुचवली. मी हसलो, कारण ते दोघं मागच्या निवडणुकीपासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत; एक समोरून आला की दुसरा गल्ली बदलतो.

"म्हणूनच तर," नाना म्हणाले, आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अगं, किटली ठेव. आणि तुझा फोन दे जरा."